चन्नक्काची कातडी

अशी जवळ येऊन बस बघू पोरी, कागदावरच का होईना. लांबून हो-हो म्हणणाऱ्यांना मी काही सांगत नसते. परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, तुझ्या ओळखीत कुणाला किरणांचा इलाज झाला होता का गं? कातडीवर काय झालं होतं?" मी "अगं, चन्नक्का..." एवढं म्हणते न म्हणते तोच "नंतर बोलते आजी, लॅबमध्ये बोलावलंय" म्हणून फोन खाली! ही काय पद्धत झाली? प्रश्न विचारायचा आणि उत्तर दारात आलं की दार लावून घ्यायचं? तुझी आईसुद्धा लहानपणी अशीच करायची, पण ती निदान खिडकीतून ऐकायची.

म्हणून लिहूनच काढते. लिहिलेलं तुला मध्येच तोडता येणार नाही. येईल म्हणा, पण मला कळणार नाही, एवढंच समाधान.

तू म्हणालीस, तुमच्याकडं आता कसले जड कणांचे किरण आलेत. वरच्या कातडीतून जाताना ते जरा आवरून जातात आणि आत गाठीपाशी पोचले की सगळा जोर काढतात. तरीसुद्धा कातडी लाल व्हायची ती होतेच, सोलायची ती सोलतेच. आणि चांगली निरोगी कातडी हे सगळं कसं सोसते, ते तू शिकतेस. मला तुझे जड कण काही कळत नाहीत. मी सातवीत शाळा सोडलेली. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालेलं. पण कातडी काय करते, ते मी रोज दुपारी डोळ्यांनी बघितलंय. एकाच बाईची बघितली. पण ती बाई दहा बायकांना पुरून उरणारी होती.

तेव्हा आम्ही सोलापुरात बाळीवेशीच्या मागं एका बोळात राहत होतो. हे गिरणीत जायचे. आणीबाणी नुकतीच उठली होती, आणि आमच्या समोरच्या घरात चन्नक्का होती. शेंगाचटणीवाली चन्नक्का म्हटलं की बोळाच्या तोंडाशी उभा राहिलेला परका माणूससुद्धा वासाच्या मागं तिच्या दारात पोचायचा. मागच्या अंगणात शिवप्पामामांची भट्टी. मामा म्हणजे तिचा नवरा. मामा शेंगदाणे भाजायचे, अक्का कांडायची. मामा दिवसाला चार शब्द बोलायचे. उरलेले सगळे अक्काच्या वाट्याला आले होते. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. राग आला की कानडी, माया आली की कानडी, आणि हिशोबाला तेवढी मराठी.

अक्काची ओळख दोन गोष्टींत सांगता येईल. एक म्हणजे घासणं. तिच्या घरची पितळी भांडी ऊन पडलं की बघवायची नाहीत. उंबरा घासायची, भिंत घासायची, पाय घासायच्या वजरीनं स्वतःला रोज अशी घासायची की मी एकदा विचारलं, "अक्का, खाली अजून कोण निघायचंय?" दुसरी गोष्ट म्हणजे लावणं. बोळात कुणाला काही झालं की अक्का हजर. भाजलं? खोबरेल लाव. कापलं? हळद लाव. मुरगळलं? आंबेहळद लाव. पोट दुखतंय? हिंग लाव बेंबीला. आणि सगळ्यावर शेवटचा हात म्हणून विभूती. एकदा माझ्या मनगटावर भाताची वाफ आली. मी अजून "आई गं" पुरतं म्हटलं नव्हतं, तर अक्कानं खोबरेल, हळद, केळीचा गर आणि विभूती असे चार थर चढवले. डॉक्टरांकडं गेले तर ते म्हणाले, "बाई, हे काय करून आणलंय? आधी भाजलंय कुठं ते तरी शोधू द्या."

हे अक्काला सांगितलं, तर म्हणाली, "बरं झालं की न्हाय?"

झालं होतं. मग बोलायचं काय?

तर अशा बाईला छातीत डाव्या बाजूला गाठ झाली. झाली ती झाली, आणि अक्कानं काय केलं असेल? घासली! अंघोळीत हाताला लागली तेव्हा तिला वाटलं, काहीतरी साचलंय, घासून जाईल. कितीतरी महिने घासत होती. वर लेप. आम्हाला कुणाला पत्ता नाही. बाई आपला पदर इंचभर ढळू द्यायची नाही. पोरींसमोरसुद्धा भिंतीकडं तोंड करून चोळी बदलायची. एक दिवस चटणी कांडताना हातच वर जाईना, तेव्हा सगळं बाहेर आलं.

ऑपरेशन झालं. ते तिनं निमूटपणे सोसलं, कारण भूल दिलेली होती. भूल उतरल्यावर मात्र पहिला प्रश्न तिनं मला विचारला, "टाके घालायच्या आदी धुतलं का त्यांनी नीट?"

जखम भरली, आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता किरणांचा इलाज. रोज दुपारी यायचं, बरेच आठवडे. दवाखान्यात कोबाल्टचं यंत्र होतं. तिच्या दोन्ही लेकी सासरी, एक विजापूरला, एक आळंदला. मामांना भट्टी. मी दुपारची मोकळी, आणि मला पाट्या वाचता येत होत्या. म्हणून अक्काबरोबर मी.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या छातीवर जांभळ्या शाईनं रेषा आखल्या. हे डॉक्टर टक्कल पडलेले, सावकाश बोलणारे. अक्काशी पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. पुढं तो कायमचाच आला. ते म्हणाले, "आजी, किरण नेमके या चौकोनात पडायला हवेत. रेषा पुसायच्या नाहीत. इथं पाणी नको, साबण नको, तेल नको, हळद नको. काहीच लावायचं नाही."

"मंजे काय लावायचं?"

"काहीच नाही."

"खोबरेल तरी?"

"नाही."

"विभूती? विभूती काय औषद न्हाय."

"आजी, काहीच लावायचं नाही."

अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही या माणसाला कुणीतरी वाईट औषध पाजलंय. दुसऱ्या दिवशी गेलो तर चौकोन गायब! घरी जाऊन तिनं तो रिठ्यानं धुऊन काढला होता. अंगावर शाईचा मळ घेऊन पूजेला बसायचं कसं? डॉक्टरांनी डोळे मिटले, कपाळ पुसलं आणि पुन्हा सगळं मोजून पुन्हा आखलं. अक्का म्हणाली, "तुमची शाई कच्ची हाय. आमच्या हितं चादरीवाले रंगारी हायेत, त्यास्नी विचारा. जन्मात निगत न्हाय असा रंग देतेत."

पण खरी अडचण रेषांची नव्हती. यंत्राच्या खोलीत न्यायच्या आधी डॉक्टर म्हणाले, "गळ्यातलं सगळं काढून ठेवा."

अक्कानं मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. मामांना विचारलंसुद्धा नाही. पुतळ्यांची माळ दिली. मग राहिली ती चांदीची डबी. तुला ठाऊक आहे ना, लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं? शिवदोऱ्यात बांधलेली डबी, नेमकी छातीवर येते. अक्कानं ती मुठीत धरली.

"हे न्हाय."

"आजी, ती चांदी आहे. किरणांच्या वाटेत धातू आला की त्याला टेकलेल्या कातडीला जास्त चटका बसतो. आणि पुढं कातडी नाजूक झाली की दोराही घासेल."

"जन्मल्यावर मठाच्या अय्यानी बांदलंय हे. मेल्यावर बी माझ्यासंगं मातीत जायाचं हाय. मदल्या मदी तुमी कोन काडनार?"

"थोडा वेळच काढायचं आहे."

"थोडा वेळ मेल्यावानी ऱ्हाऊ व्हय?"

अक्कानं मंगळसूत्र परत घातलं, पदर आवळला आणि चालू लागली. डॉक्टरांनी मला मागं थांबवलं. म्हणाले, "बाई, जखम भरलीय, हीच वेळ आहे. आता हे टाळलं तर गाठ परत येईल, आणि तेव्हा माझ्या हातात काही नसेल. समजवा त्यांना."

समजवा! चन्नक्काला! मी घरी येऊन मामांना सांगितलं. मामा भट्टीपाशी बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेंगदाणे एकदा वरखाली केले. त्या दिवशीची सगळी खेप करपली. तीसेक वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदा झालं, असं अक्का नंतर कितीतरी दिवस त्यांना ऐकवत होती.

मी म्हटलं, "अक्का, मठातल्या अय्यांना विचारू या की. ते सांगतील काय ते."

"बेड," ती म्हणाली. म्हणजे नको. "त्यानी हो म्हनलं तर मला पटायचं न्हाय, न्हाय म्हनलं तर तुला पटायचं न्हाय. कशाला त्यास्नी तरास?"

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी ती आपणहून चप्पल घालून दारात उभी. म्हणाली, "चल नलू. डॉक्टरला नीट न्हाय म्हनून येऊ. त्या दिवशी रागानं निगून आले, ते बरं दिसलं न्हाय." नकार द्यायलासुद्धा रीतसर जाणारी बाई.

गेलो, तर डॉक्टर वॉर्डात. यंत्राच्या खोलीत करीमभाई होते. यंत्र चालवायचे ते. पिळदार मिशा आणि आवाज मात्र अगदी मऊ. अक्काला बघून त्यांना वाटलं, बाई इलाजाला आल्या. म्हणाले, "आओ अक्का, लेटो. डावा हाथ सर के ऊपर लेओ."

ती नाही म्हणायला आली होती, पण लेटो म्हटल्यावर बघावं तरी म्हणून लेटली. गंमत कळते का तुला? चन्नक्काला हुज्जतीत हरवणं अशक्य, पण कुतूहलात ती पहिल्या झटक्यात हरायची. हात काही वर जाईना. ऑपरेशननंतर खांदा आखडला होता. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला होता. अक्कानं तो भिंत घाण होते म्हणून केला नव्हता. आता उजव्या हातानं धरून तिनं डावा हात कसाबसा डोक्याच्या वर नेला. तळवा उघडा, आभाळाकडं.

आणि ती त्या तळव्याकडं बघतच राहिली.

रोज सकाळी पूजेला बसली की लिंग ती ह्याच तळव्यावर घ्यायची. डाव्या. मी किती वेळा बघितलं होतं. पण माझ्या काही डोक्यात आलं नव्हतं.

"करीमभाई, हा हात तुमच्या मशिनीच्या वाटंत येतोय का?"

"नै अक्का. हाथ तो एकदम बाहर."

"मग हे हितं धरलं तर?"

करीमभाईंनी मिशीवरून हात फिरवला. "सर के ऊपर है. अच्छीच जगा है. लेकिन मैं क्या बोलू, डाक्टरसाब को पूछता."

डॉक्टर आले. सगळं ऐकलं. त्या हाताकडं बघितलं आणि म्हणाले, "धरा. पण हात हलता कामा नये. हात हलला की छाती हलते, छाती हलली की माझ्या रेषा हलतात."

"लिंग हातात आसताना माझा हात हलंल?" अक्का अशी काही चिडली की त्यांनी चक्क माफी मागितली.

पण खांदा कुणाचं ऐकतो? घरी येऊन तिनं त्या भिंतीवर, त्या तिच्या चकचकीत भिंतीवर, बोटं चढवायला सुरुवात केली. मग चटईवर आडवी होऊन हात डोक्यावर आणि तळव्यावर लिंबू. लिंबू पडलं की मामांनी उचलून द्यायचं. लिंबू जमल्यावर चटणीची भरलेली वाटी. एकदा ती वाटी केसांत सांडली, तेव्हा मामा हसले. आवाज करून हसले. अक्का सगळ्या बोळाला सांगत सुटली, "आमच्या ह्यास्नी दात हायेत. मी आज बगितले."

आणि मग इलाज सुरू झाला. दार बंद व्हायचं, सगळे बाहेर, अक्का आत एकटी. याचाही तिला राग. "पाव्हनीला एकटं सोडून घरचे पळत्यात व्हय कुटं?" करीमभाई काचेतून बघत राहायचे. बाहेर येऊन मला सांगायचे, "पत्थर के माफिक लेटती. बाकी लोगां छींकते, खुजाते. अक्का की उंगली बी नै हिलती."

आता तुझा प्रश्न. कातडी.

पहिले दिवस ती काहीच करत नाही, हे लक्षात ठेव. अक्का रोज घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "मशीन खोटं हाय. नुस्ती घंटी वाजवतंय." मग दोन-तीन आठवड्यांनी कातडी लाजली. लाल झाली, पण कशी? नेमकी रेषेपर्यंत. पोरी, चौकोनी लाली तू कुठं बघितलीस? अक्का चकित. "ऊन पडलं तर सगळीकडं पडतंय. हे तर खिडकीतनं पडल्यावानी पडलंय बग." मग खाज. खाजवायचं नाही! जन्मभर वजरीनं अंग घासलेल्या बाईला बोट लावायची बंदी. ती हात पाठीमागं बांधून अंगणात फेऱ्या मारायची, आणि कुणी विचारलं तर सांगायची, "शिक्षा भोगतीया." गळ्यातली डबी तिनं मऊ फडक्यात गुंडाळून उजव्या दंडाला बांधली. सुती चोळी, तीही मामांच्या जुन्या धोतराची. हळदीचा डबा मीच आमच्या घरी आणून ठेवला होता. रोज सकाळी तिला भाजीपुरती मोजून द्यायचे, आणि ती मला सासू म्हणायची.

मग ती लाली काळवंडत गेली. जांभळासारखी. आणि मग कोरडं साल सुटायला लागलं, बारीक बारीक. ते बघून अक्का उलट खूश झाली! तिला वाटलं, आता आपल्या धंद्यातलं काहीतरी आलं. डॉक्टरांना म्हणाली, "शेंगदाण्यागत हाय की हे. भट्टीत साल सुटत न्हाय, गार झाल्यावर सुटतंय."

डॉक्टर हसले. "खरंय. पण शेंगदाणे तुम्ही चोळता. हे चोळायचं नाही."

"मग फुकलं तर चालंल?"

"फुंकायचंही नाही."

"तुमी डॉक्टर कशापायी झाला? आसं काहीच करू नका सांगायला?"

इथवर हसण्यावारी गेलं. मग काखेच्या घडीत कातडी फुटली. कोरडं संपलं आणि ओलं सुरू झालं. वरचा पापुद्रा जाऊन आतलं लाल उघडं पडलं, त्यातून पाणी यायला लागलं. कपडा चिकटायचा. मी ओल्या फडक्यानं तो सोडवायची, तेव्हा अक्का कानडीत काहीतरी पुटपुटायची. तो राग होता की माया, ते काही कळायचं नाही. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "थोडे दिवस थांबू. विश्रांती देऊ, कातडी भरली की पुढचं."

अक्कानं त्यातलं फक्त "थांबू" ऐकलं. घरी येऊन म्हणाली, "झालं. मी आता जायाची न्हाय. सोललेला दाना परत भट्टीत घालत्यात व्हय कोन?"

मी म्हटलं, "अक्का, मधेच सोडलं तर गाठ परत येते, डॉक्टर म्हणालेत."

"गाट यायची तवा येईल. हे तर आज हाय की." ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडं न बघता, "नलू, हे कातडं परत यायचंच न्हाय. मला ठावं हाय. मी इतक्यांची भाजलेली बगितली, हे तसलं न्हाय. हे आतनं भाजलंय."

चन्नक्का घाबरली होती. तोवर मला ठाऊकच नव्हतं की तिला घाबरता येतं. विश्रांतीचे दिवस संपले, तारीख आली. ती उठेना. शेवटी मी म्हटलं, डॉक्टरांना काख तरी दाखवू, इलाज नको घेऊस. तेवढ्यासाठी आली.

त्या दिवशी बायकांच्या बाकावर माळशिरसकडची एक बाई होती. उसाच्या रानात काम करून रापलेली, उंच, पायांत पुरुषी वहाणा. तिचा इलाज वर्षापूर्वी झालेला. तपासायला आली होती. अक्का हात अंगापासून लांब धरून अवघडून बसली होती. त्या बाईनं थोडा वेळ बघितलं.

"ओलं झालंय न्हवं काखंत?"

अक्कानं पदर ओढून घेतला.

"ऊठ. हिकडं ये." असं म्हणून तिनं अक्काच्या उजव्या दंडाला धरलं आणि पाण्याच्या रांजणामागं दाराच्या आडोशाला नेलं. मी मागोमाग. त्या बाईनं इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही. आपल्या चोळीची गाठ सोडली आणि हात वर केला.

"बग. माझं बी आसंच झालतं. गाभुळलेल्या चिंचंवानी. आता बग की. हात लाव."

अक्का मान फिरवून उभी. बाईमाणसानं बाईमाणसाला असं दाखवायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं.

"लाव म्हनते न्हवं! मी काय पुना पुना माळशिरसवरनं येनार हाय व्हय?"

अक्कानं हात लावला. आधी एक बोट, मग अख्खा तळवा. काळी, सुकलेली, पण सलग कातडी. कुठं फट नाही. अक्कानं त्या चौकोनाच्या कडेकडेनं बोट फिरवलं, अगदी मालाची परख करावी तसं.

"किती दिवस लागलं?"

"लागत्यात. मदी मदी बेटं उगवत्यात बग कातडीची, बारकी. मग ती जुळत्यात. काय बी लावू नगो तेवडं."

"ते सांगितलंय मला," अक्का म्हणाली. आणि पहिल्यांदा हसली. "लई येळा."

काख दाखवायला डॉक्टरांसमोर गेली तेव्हा त्यांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "छान. बेटं दिसायला लागलीत." अक्कानं माझ्याकडं अशा तोऱ्यात बघितलं, जणू ती तिनंच पेरली होती. मग विचारलं, "म्हंजे जुळल्यावर पुढचं?" डॉक्टर हो म्हणाले. जुळायला अजून काही दिवस गेले. पण ठरलेल्या दुपारी माझ्या आधी तीच चप्पल घालून दारात होती.

राहिलेला इलाज पुरा झाला. हात हलला नाही. गंमत म्हणजे इलाज संपल्यावरच कातडीनं पुन्हा एकदा उचल खाल्ली. अक्का मामांवर ओरडली, "संपलं की! आता कशाला लाल व्हतंय?" मामा शेंगदाणे चाळत होते. म्हणाले, "भट्टी विझली तरी तवा तापल्यालाच आसतो." दिवसाचे चारही शब्द एकदम खर्ची पडले, आणि वर दोन उसने.

मग निवलं. गुलाबी कातडी आली, मग ती काळसर झाली, सुपारीसारखी जरा कडक. पुढच्या वर्षी-दोन वर्षांत तिच्यावर लाल रेशमाच्या धाग्यासारख्या बारीक शिरा उमटल्या. अक्का म्हणायची, "आमच्या चादरीवर हुबं-आडवं आसतंय, हितं नक्षी उलटीपालटी निगाली. विनकर नवा आसंल." आणि आणखी एक तुझ्या कामाचं सांगते: तिथं घाम यायचा नाही. सोलापूरचा मे महिना, सगळ्या अंगाला धार लागलेली, आणि तेवढा चौकोन कोरडा ठणठणीत. "सगळ्या अंगालाच किरण मारून घेतलं आसतं तर बरं झालं आसतं," असं डॉक्टरांना सांगून आली. कातडी धड झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा डबी दंडावरून परत गळ्यात गेली. त्या दिवशी बोळात सगळ्यांना हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली तिनं.

मग ह्यांची नोकरी सुटली आणि आम्ही सोलापूर सोडायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी निरोपाला गेले, तर मामा म्हणाले, "दवाखान्यात." मला वाटलं, गाठ परत आली. मामांनी ते ओळखलं असावं. हातानंच 'तसं नाही' केलं. तशीच दवाखान्यात गेले.

रांजणामागं, दाराच्या आडोशाला, अक्का. पदर एका हातानं पडद्यासारखा धरलेला, आणि पुढ्यात तीन-चार बायका. एक नातेपुत्याची, एक एमआयडीसीत मागावर टॉवेल काढणारी, सगळ्या वाकून बघतायत. भिंतीकडं तोंड करून चोळी बदलणारी माझी चन्नक्का!

"हात लाव की. घाबरू नगो. रेशीम हाय बग, फुकटचं." मग हात वर करून दाखवला. "हात आसा ठेवायचा. आनि रिकामा ठेवू नगो, रिकामा हात हलतोय. काय तरी धर. लिंग आसंल तर लिंग धर, तावीज धर, लेकराचं कुंचडं धर."

ती मागावरची पोर सगळ्यांत लहान होती. हळूच म्हणाली, "अक्का, माझ्याजवळ काय न्हाय. आमी नाय देवबीव मानत."

अक्कानं कनवटीला हात घातला आणि एक भाजलेली शेंग काढून तिच्या तळव्यावर ठेवली. सालासकट.

"हे धर. फोडायची न्हाय. भायेर आल्यावर खा."

करीमभाईंनी दार उघडलं. पोर आत निघाली, तळवा उघडा, त्यात शेंग. करीमभाई बघतच राहिले. "अरे, ये क्या लाए?"

"शेंग हाय," अक्का इकडून ओरडली. "हलनार न्हाय ती. तू दार लाव."

दार बंद झालं, आणि तेव्हा तिनं मला बघितलं. पदर सारखा केला, कपाळावरचा घाम पुसला, आणि नेहमीसारखीच खेकसली, "आलीस? जायाच्या आदल्या दिशी? बस हितं. ती भायेर येस्तवर मी हलत न्हाय."

मी बसले. ती दाराकडं बघत बसली, मी तिच्याकडं. तेवढंच शेवटचं.

तर पोरी, तुझे कण जड असोत नाहीतर हलके, कातडी बिचारी एकच असते. ती आधी गप्प बसते, मग लाजते, मग रुसते, मग रडते, आणि कुणी ढवळाढवळ केली नाही तर परत येते. हे तुझ्या पुस्तकात असेलच. पण तुझ्या त्या यंत्राखाली कुणी निजलं, की आधी त्याच्या हाताकडं बघत जा, रिकामा आहे का ते.

आणि आता पुरे झालं लॅब. ये लवकर. भुईमुगाच्या शेंगा आणून ठेवते. तू येशील त्या सकाळी भाजीन आणि गार करत ठेवीन. साल आपण दोघी मिळून काढू. उन्हाळा उतरायच्या आत ये.